खाऱ्या पाण्याच्या टँकमधले परजीवी : पहिला मासा आणण्याआधी वाचायचं

पाणी जमलं, मिठाचं प्रमाण जमलं, फिल्टर मुरला. मग हौसेने चार-पाच मासे आणले आणि पंधरा दिवसांत टँक रिकामा. मरीन टँक नव्याने लावणाऱ्यांकडून ही तक्रार सतत ऐकू येते. बहुतेक जण पाण्याला दोष देतात, मीठ बदलतात, दुकान बदलतात. माशांना मारणारा मात्र पुष्कळदा परजीवी असतो, आणि तो नव्या माशाच्या अंगावर बसून पिशवीतूनच घरात आलेला असतो.

हा लेख अगदी नवख्यांसाठी आहे आणि त्यात आग्रह एकच: प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा, औषध द्यायचं तेही तिथेच, आणि बंद करायचं ते ठिपके गेल्यावर नाही, दिवस भरल्यावर. असं का, हे कळायला परजीवीचं आयुष्य थोडं समजून घ्यावं लागतं. तो भाग कंटाळा न करता वाचा. पुढची सगळी पथ्यं त्यातूनच निघतात.

ठिपके गेले तरी रोग जात नाही

समुद्री माशांवरचा सगळ्यात ओळखीचा परजीवी म्हणजे व्हाइट स्पॉट, हौशी मंडळींच्या तोंडी नुसता ‘इक’. शास्त्रीय नाव क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स. हा एकपेशीय जीव. गोड्या पाण्यातल्या माशांवर पांढरे ठिपके आणणारा जीव वेगळा आहे, त्यामुळे गोल्डफिशसाठी आणलेली निळ्या औषधाची बाटली इथे उपयोगाची नाही.

हा जीव माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली घुसून बसतो आणि तीन ते सात दिवस तिथेच खात राहतो. आपल्याला दिसणारा पांढरा ठिपका म्हणजे हाच टप्पा. पोट भरलं की तो मासा सोडतो, तळाशी उतरतो, दगडाला, वाळूला, काचेला, पाइपला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कवच करून घेतो. कवचाच्या आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटून पिल्लं बाहेर पडायला बहुधा आठवडाभर लागतो, पण कधी तीन दिवस, कधी चार आठवडे. ७२ दिवसांनीही पिल्लं बाहेर आल्याची नोंद आहे. बाहेर आलेल्या पिल्लाला एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ते मरतं.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, औषध लागू पडतं ते फक्त मोकळ्या पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखाली बसलेला सुरक्षित, कवचातला त्याहून सुरक्षित. त्यामुळे औषधाची पातळी आठवडेच्या आठवडे टिकवून धरावी लागते, म्हणजे जे पिल्लू जेव्हा बाहेर येईल ते तेव्हा मरेल. दुसरी, ठिपके नाहीसे होणं ही परजीवीची नेहमीची चाल आहे. हे जीव अंधारात मासा सोडतात. संध्याकाळी टँग माशाच्या परांवर वीस ठिपके मोजावेत आणि सकाळी लाइट लावल्यावर मासा स्वच्छ दिसावा, हे नेहमीचं. त्या आनंदात माणूस औषध थांबवतो. आठ-दहा दिवसांनी ठिपके परत येतात, आणि या वेळी कितीतरी पट जास्त.

यातून वाचलेल्या माशात काही महिने थोडीफार प्रतिकारशक्ती राहते. म्हणून ‘माझ्या टँकमध्ये एकदा इक आला होता, आपोआप गेला’ असं सांगणाऱ्याच्या टँकमध्ये तो बऱ्याचदा अजून असतो. जुने मासे तग धरतात, नवा आणलेला पाउडर ब्लू टँग आठवड्यात जातो.

दुकानात उभं राहून काय बघायचं

रंगाच्या आधी श्वास बघा. कल्ल्यांची उघडझाप त्याच जातीच्या शेजारच्या माशापेक्षा जलद चालली असेल, एकच कल्ला हलत असेल, मासा पाण्याच्या वरच्या थराला किंवा पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा असेल, तर तो घेऊ नका, अंगावर एक ठिपका नसला तरी. परजीवी सगळ्यात आधी कल्ल्यांवर बसतात आणि ते बाहेरून दिसत नाही. दगडावर किंवा वाळूवर अंग घासणं, मान झटकणं, डोळ्यांवर धुरकट पडदा, चिकटलेले पर, पोट आत गेलेलं: हे सगळं बघायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. जो दुकानात खात नाही तो तुमच्याकडे येऊन खाईल या आशेवर पैसे घालू नयेत.

बऱ्याच दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं. त्यामुळे चौथ्या टाकीतला आजारी मासा हा पहिल्या टाकीतल्या माशाचाही शेजारी असतो. ‘या टाकीत काही नाही’ याला मग फारसा अर्थ उरत नाही.

दोन प्रश्न जरूर विचारा. पाण्यात कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, आहे का? काही ठिकाणी ते कमी मात्रेत कायम ठेवतात. त्याने रोग दबून राहतो, मासा घरी आला की डोकं वर काढतो. आणि क्षारता किती? मीठ वाचवायला किंवा परजीवी दाबायला दुकानात ती बरेचदा १.०१८–१.०२० (विशिष्ट गुरुत्व) अशी कमी ठेवलेली असते. तुमच्या वेगळ्या टँकचं पाणी मासा आणायच्या आधीच त्या आकड्याला आणून ठेवा आणि नंतर रोज ०.००२ पेक्षा जास्त न वाढवता १.०२५ पर्यंत न्या. मासा खाली उतरणारी क्षारता सोसतो, वर चढणारी पटकन सोसत नाही.

पर्याय असेल तर हॅचरीत जन्मलेला मासा घ्या. क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे बसवलं, आणि आता आपल्याकडे ऐरोलीतही शोभिवंत समुद्री माशांचं उबवणी केंद्र आहे. समुद्रातून पकडलेल्या क्लाउनफिशबरोबर येणारी निम्मी डोकेदुखी पैदाशीच्या माशात नसते. परजीवी मात्र दुकानाच्या पाण्यातूनही लागतात, म्हणून वेगळं ठेवणं यालाही चुकत नाही.

वेगळा टँक कसा लावायचा

यात महागडं काही नाही. ६० × ३० × ३५ सेंटिमीटरचा साधा काचेचा टँक लहान-मध्यम माशांना पुरतो. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. वाळू आणि दगड कॉपर शोषून घेतात, मग पातळी टिकत नाही. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसी पाइप आणि एल्बो टाका. वर झाकण किंवा जाळी हवीच. रास (wrasse) आणि गोबी जातीचे मासे रात्रीत उडी मारून बाहेर पडलेले सापडतात. एअर पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, आणि पुण्या-नाशिकच्या डिसेंबरसाठी हीटर. मुंबईत मे महिन्यात प्रश्न उलटा असतो: पाणी ३० अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तो कमी पडतो. पंखा लावा, एअर स्टोन वाढवा, पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचा प्रयत्न करा. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू द्या.

स्पंजला अमोनिया पचवणारे जिवाणू आयत्या वेळी लागत नाहीत. तो मुख्य टँकच्या संपमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) तीन-चार आठवडे आधीच टाकून ठेवा. मुख्य टँक अजून लावायचा असेल तर वेगळाच टँक आधी मुरवा. न मुरलेल्या टँकमध्ये मासे परजीवीने नाही, त्यांच्याच घाणीतून साचणाऱ्या अमोनियाने मरतात आणि खापर औषधावर फुटतं. अमोनियाचं टेस्ट किट दररोज वापरायचं आहे हे गृहीत धरा.

टँकमधलं खरं पाणी मोजून ठेवा, कारण प्रत्येक औषधाचा हिशोब त्यावरच आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००. वरच्या टँकमध्ये ३० सेंटिमीटर पाणी भरलं तर ५४ लिटर. या पाण्याला साधारण दोन किलो मरीन सॉल्ट लागतं. काचेवर पाण्याच्या पातळीशी मार्करने रेघ ओढा. बाष्पीभवनाने पाणी रेघेखाली गेलं की फक्त आरओचं साधं पाणी घाला. मीठ उडून जात नाही.

समुद्र जवळ आहे म्हणून चौपाटीवरून कॅनमध्ये पाणी भरून आणू नका. किनाऱ्याजवळचं पाणी प्रदूषित असतं, पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते आणि त्यात काय जिवंत आहे ते आपल्याला दिसत नाही.

जागेबद्दल एक सूचना. व्हेलवेट नावाच्या परजीवीची पिल्लं हवेत उडालेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांबरोबर तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे प्रयोगात दिसलं आहे. म्हणून वेगळा टँक मुख्य टँकला चिकटून नको, शक्य तर दुसऱ्या खोलीत. जाळी, बादली, पाइप वेगळे. हात आधी मुख्य टँकमध्ये, नंतर वेगळ्या टँकमध्ये. उलट क्रम नको.

मासा घरी आला: पुढचे तीस दिवस

पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. क्षारता जुळलेली असेल तर पिशवी उघडून मासा लगेच हलवा. लांबून कुरियरने आलेल्या पिशवीत थेंब-थेंब पाणी सोडत तास-दीड तास बसणं धोक्याचं आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे सामू (पीएच) उतरलेला असतो आणि त्यामुळे साचलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी कुठल्याही टँकमध्ये ओतू नका, ते मोरीत.

पहिले दोन-तीन दिवस औषध नाही. मासा खायला लागू द्या. लाइट मंद ठेवा. कोळंबी किंवा तिसऱ्या बारीक चिरून, आधी दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून, मग द्या. बाजारातलं ताजं तसंच टाकण्यापेक्षा गोठवलेलं सुरक्षित. रुसलेल्या बटरफ्लायफिशला अर्धी उघडलेली तिसरी शिंपल्यासकट तळाशी ठेवली की बरेचदा तो टोचायला येतो. टँगला नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ.

मग निर्णय घ्यायचा. माझं मत असं: टँग, एंजल, बटरफ्लाय, आणि समुद्रातून पकडलेला कुठलाही मासा यांना लक्षणं नसली तरी कॉपरचा पूर्ण कोर्स द्यावा. हॅचरीतला, नीट खाणारा क्लाउनफिश असेल तर फ्लूक नावाच्या जंतांचं औषध देऊन महिनाभर नुसतं निरीक्षण पुरे. मँडरिन, पाइपफिश यांना कॉपर सोसत नाही. शार्क आणि रे यांना तर देऊच नये.

*कॉपर.* बाजारात दोन तऱ्हेची औषधं मिळतात आणि त्यांचे आकडे एकमेकांना लागू होत नाहीत. क्युप्रामाइनसारख्या औषधात उपचाराची पातळी लिटरला ०.५ मिलिग्रॅम. कॉपर पॉवर किंवा कॉपरसेफ यांसारख्या चिलेटेड (तांबं दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेल्या) औषधात ती २ ते २.५ मिलिग्रॅम. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकीकडे मासा मरेल, दुसरीकडे परजीवी मजेत राहील. बाटलीवरचं लेबल वाचा आणि त्या प्रकारचं कॉपर मोजणारं टेस्ट किट औषधाबरोबरच विकत घ्या. चिलेटेड कॉपरसाठी हॅनाचा हाय रेंज चेकर सोपा पडतो. किट नसेल तर कॉपर वापरूच नका. अंदाजाने घालायचं हे औषध नाही.

पूर्ण मात्रा एकदम घालू नका. निम्मी आज, उरलेली ४८ तासांनी. मासा खाणं सोडेल असं वाटलं तर आहे त्या पातळीवर एक दिवस थांबा. पातळी गाठली की तिथून तीस दिवस. लेबलवर कधी चौदा दिवस लिहिलेले असतात; चौदा दिवसांनी मासा पूर्ण कोरडा करून ताजं पाणी भरलेल्या दुसऱ्या टँकमध्ये हलवणार असाल तर ते चालतं, त्याच टँकमध्ये ठेवणार असाल तर तीस. मधे एक दिवस जरी पातळी खाली घसरली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढंच कॉपर आधी मिसळून मग ओता.

कॉपर असताना फिल्टरमध्ये कार्बन नको, यूव्ही दिवा बंद. आणि हे लाल शाईने लिहून ठेवा: अमोनिया बांधणारी कंडिशनर कॉपरबरोबर वापरू नका. त्यांच्या रसायनाने कॉपर अधिक विषारी रूपात सुटू शकतं. अमोनिया चढला तर उपाय एकच, पाणी बदलणं.

*टँक बदलत जाणं.* फक्त इकसाठी ही सुंदर पद्धत आहे, औषधाशिवायची. दोन प्लास्टिकचे फूड-ग्रेड टब घ्या. मासा पहिल्या दिवशी पहिल्या टबमध्ये, चौथ्या दिवशी दुसऱ्यात, सातव्या दिवशी परत पहिल्यात, दहाव्याला दुसऱ्यात, तेराव्या दिवशी स्वच्छ टँकमध्ये. परजीवी मासा सोडून तळाला चिकटतो आणि त्याची पिल्लं निघायच्या आत मासा तिथून गेलेला असतो. मधला काळ ७२ तासांपेक्षा जास्त होता कामा नये. रिकामा झालेला टब, एअर स्टोन, पाइप, हीटर, सगळं धुऊन उन्हात पूर्ण कोरडं करा. एक ओला स्पंज पुढच्या टबमध्ये गेला की सगळी मेहनत वाया. माशाबरोबर जाळीतून कमीत कमी पाणी जाऊ द्या. इथे कॉपर नसल्यामुळे अमोनिया बांधणारं कंडिशनर चालतं. नोकरीच्या वेळा सांभाळून ज्यांना तारखा पाळता येतात त्यांनी हीच पद्धत घ्यावी, असं मी सांगेन. व्हेलवेटवर मात्र तिच्या भरवशावर राहू नका.

*क्षारता उतरवणं.* विशिष्ट गुरुत्व १.००९ वर आणून चार आठवडे धरून ठेवलं तर इकची कवचं फुटून मरतात. दोन दिवसांत खाली, परत वर जाताना आठवडाभर. पण १.०११ झालं तरी ही पद्धत फसते, त्यामुळे काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर उपयोगाचा नाही, रिफ्रॅक्टोमीटर लागतो आणि तोही दर हजारी ३५ च्या द्रावणाने तपासून घेतलेला. सामू घसरतो, त्यावर रोज लक्ष. व्हेलवेट आणि ब्रुकलिनेला (या दोन परजीवींबद्दल पुढे येतं) यांना याने काही होत नाही. माझ्या पसंतीत ही पद्धत शेवटची.

*फ्लूक.* हे जंत आहेत, कॉपरने मरत नाहीत. अंगावर असताना पारदर्शक असल्यामुळे दिसत नाहीत. मासा नुसता अंग घासतो, डोळा धुरकटतो. त्यांच्यावर प्राझिक्वान्टेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम, आणि पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा. पहिल्या मात्रेने जंत मरतात, अंडी मरत नाहीत; दुसरी मात्रा अंड्यांतून निघालेल्यांसाठी. हे औषध पाण्यातला प्राणवायू कमी करतं, हवा जोरात सोडा. माणसांच्या किंवा जनावरांच्या गोळ्यांचा चुरा करण्यापेक्षा अ‍ॅक्वेरियमसाठीची पूड बरी, गोळीतली इतर द्रव्यं पाणी गढूळ करतात.

कोणता परजीवी आहे हे कसं ओळखायचं

इकचे ठिपके सुटे, उठावदार, रव्याच्या कणाएवढे. व्हेलवेटची पूड पिठासारखी, बारीक, सोनेरी-करडी, अंगावर टॉर्च तिरपी धरली तरच दिसणारी. फरक इतकाच असता तर गोष्ट सोपी होती. अडचण अशी की व्हेलवेट कल्ल्यांत आधी वाढतो आणि कातडीवर पूड दिसेपर्यंत मासा शेवटच्या टप्प्यात असतो.

याचं शास्त्रीय नाव अमायलूडिनियम ओसेलाटम. एका कवचातून २५६ पर्यंत पिल्लं निघतात आणि सगळं चक्र आठवड्याच्या आत पूर्ण होतं. काल खाणारा मासा आज तोंड उघडून धापा टाकतोय, उजेड टाळतोय, पंपाच्या धारेत उभा आहे आणि अंगावर काहीच दिसत नाही: असं दिसलं तर व्हेलवेट धरून चाला आणि सकाळची वाट बघू नका. कॉपर इथेही चालतं, पण संथपणे चढवायला वेळ नसतो. एका दिवसात उपचाराच्या पातळीला न्यावं लागतं. दुसरं औषध क्लोरोक्विन फॉस्फेट, लिटरला १० ते १५ मिलिग्रॅम, लाइट बंद ठेवून. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय मिळवायच्या मागे लागू नका.

ब्रुकलिनेला हा क्लाउनफिशचा खास शत्रू. अंगावर पांढरट बुळबुळीत थर येतो आणि कातडी सोलल्यासारखी सुटते. कॉपर निरुपयोगी. यावर फॉर्मलिनची आंघोळ: वेगळ्या भांड्यात १५० ते २५० पीपीएम, अर्धा ते एक तास, हवा जोरात सोडून, आणि नंतर मासा स्वच्छ टँकमध्ये. पाणी गरम असेल तर मात्रा खालच्या टोकाला ठेवा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली टाकून द्या. फॉर्मलिन कर्करोगकारक आहे. हातमोजे, उघडी खिडकी, आणि घरातली लहान मुलं दुसऱ्या खोलीत. ज्याला हे जमणार नाही त्याने अनुभवी माणसाला किंवा माशांच्या डॉक्टरला बोलवावं.

क्रोमिस माशाच्या बाजूला लाल चट्टा पडला तर युरोनेमा नावाचा परजीवी. यात हाती फार काही लागत नाही. पिवळ्या टँगवर काळे बारीक ठिपके म्हणजे चपट्या कृमींचा प्रकार. प्राझिक्वान्टेल आणि गोड्या पाण्याची बुडी यांनी तो आटोक्यात येतो.

प्रत्येक पांढरा ठिपका परजीवीचा नसतो. परांच्या कडेला फुलकोबीसारखी गाठ महिनाभर जागची हलली नाही तर तो विषाणूचा प्रकार, बहुधा आपोआप बरा होतो. वाळूचा कण चिकटलेला असतो, हवेचा बुडबुडा असतो. रोज एकाच वेळी, एकाच बाजूने मोबाइलवर फोटो काढा. इकचे ठिपके दोन दिवसांत जागा बदलतात, गाठ बदलत नाही. एवढ्याने निम्मे गोंधळ मिटतात.

*गोड्या पाण्याची बुडी.* निदानालाही उपयोगी, तात्पुरत्या आरामालाही. क्लोरीन नसलेलं आरओचं पाणी बादलीत घ्या, तापमान टँकइतकं, खाण्याचा सोडा चिमूटचिमूट घालून सामू ८.२ च्या आसपास आणा, अर्धा तास हवा सोडा. मासा पाच मिनिटं त्यात. सुरुवातीला तो आडवा पडल्यासारखा दिसेल, घाबरू नका, पण घड्याळावरून नजर काढू नका; फारच तडफडला तर लगेच बाहेर. बादली गडद रंगाची असेल तर फ्लूक पांढरे होऊन तळाशी पडलेले स्पष्ट दिसतात, दोन ते पाच मिलिमीटरचे. इक कातडीखाली असल्यामुळे बुडीने जात नाही. व्हेलवेटमध्ये कल्ले थोडे मोकळे होतात, औषध चढेपर्यंत वेळ मिळतो.

मुख्य टँकमध्ये रोग शिरलाच तर

सगळे मासे बाहेर काढायचे. ज्याच्यावर ठिपके आहेत तेवढेच नाही, सगळे. हे ऐकून लोक हिरमुसतात, कारण त्यासाठी दगड उपसावे लागतात. पण एक क्लाउनफिश जरी आत राहिला तरी परजीवीला तेवढा पुरतो.

बाहेर काढलेल्या माशांवर वरीलप्रमाणे उपचार. मुख्य टँक ७६ दिवस बिनमाशांचा. ७२ दिवसांची ती टोकाची नोंद आणि वर थोडी सवड, असा तो आकडा आला आहे. गरम पाण्यात चक्र लवकर संपतं म्हणून सहा आठवडे पुरेत असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत. एवढी मेहनत केल्यावर शेवटच्या महिन्याची घाई मी करणार नाही. कोळंबी, गोगलगाई, खेकडे आतच राहू द्या. हा परजीवी त्यांच्यावर जगत नाही. फिल्टरचे जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकत जा.

मुख्य टँकमध्ये कॉपर ओतायचा मोह होतो, विशेषतः फक्त माशांच्या टँकमध्ये. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यामुळे बहुतेकांचे टँक तसेच असतात आणि ‘आत प्रवाळ नाहीत, मग काय बिघडलं’ असा विचार येतो. दगड आणि वाळू कॉपर शोषतात, पातळी सारखी घसरते, तुम्ही ओतत राहता. पुढे तेच दगड ते हळूहळू सोडतात, आणि वर्षभराने आणलेली कोळंबी आल्या आल्या मरते.

या ७६ दिवसांत नवं काही आत नको. गोगलगाईच्या शंखावर किंवा शेवाळाच्या गुच्छावरही कवच चिकटून येऊ शकतं. अशा गोष्टीसुद्धा एरवी बिनमाशांच्या भांड्यात तेवढेच दिवस ठेवाव्यात. फार थोडे लोक हे करतात आणि मग ‘नवा मासा आणला नव्हता तरी इक आला’ म्हणून चक्रावतात.

ज्यावर पैसे घालवू नका

लसूण. खाद्याला वास येतो, रुसलेला मासा कदाचित खातो, परजीवीला काही होत नाही. ‘रीफ सेफ’ (प्रवाळांना निर्धोक) लिहिलेली इकची औषधं: जे एकपेशीय परजीवीला मारतं आणि बाकी कोणाला धक्का लावत नाही असं काही मला अजून पटलेलं नाही. क्लीनर रास समुद्रात माशांच्या अंगावरचे छोटे कवचधारी जीव खातो, कातडीखालचा इक त्याला काढता येत नाही. शिवाय तो टँकमध्ये बहुधा उपाशी मरतो. यूव्ही पाण्यातली पिल्लं काही प्रमाणात कमी करतो, तेवढ्यापुरता ठीक, रोग संपवत नाही.

मासा मुख्य टँकमध्ये नेताना

कोर्स संपल्यावर कार्बन घालून आणि पाणी बदलून कॉपर काढून टाका, मग दोन आठवडे बिनऔषधाचं निरीक्षण. याच काळात क्षारता मुख्य टँकच्या बरोबरीला आणा. मासा खातोय, श्वास शांत आहे, अंग घासत नाही, तर जाळीने उचलून न्या, पाणी मागेच.

रिकामा झालेला वेगळा टँक घरातल्या साध्या ब्लीचच्या पाण्याने धुवा, दोन-तीनदा खळबळा, आणि पाइप-स्पंजसकट दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली आठवडाभर. फॉर्मलिन वापरलं असेल त्याच दिवशी ब्लीच नको. आधी पाण्याने भरपूर धुऊन घ्या. ज्या टँकमध्ये कॉपर वापरलं त्यावर मार्करने तसं लिहून ठेवा, आणि पुढे कोळंबी किंवा खेकडे ठेवायला तो कधी काढू नका.